दारव्हा भागात एफपीसीचं गोदाम: १००० टनांचं बांधावं की कमी पुरेल?

दारव्हा_एफपीसी

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या दहा गावांची आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. एका हंगामात साधारण ९०० टन सोयाबीन, ३५० टन तूर आणि ४०० टन हरभरा हाती येईल असा अंदाज आहे. रस्त्याला लागून एक एकर जागा मिळाली, पण ती पूर्ण काळी माती. संचालक मंडळाचं म्हणणं १००० टनांचं गोदाम आणि तासाला एक टनाची डाळमिल. कोटेशनं आली, आकडा मोठा आहे.

विचारायचं हे की क्षमता कशी ठरवायची? एकूण माल मोजून, की दुसरी काही रीत आहे? काळ्या मातीत पाया कसा घ्यायचा? माल सहा महिने ठेवला तर काय बिघडतं आणि ते आधी कसं ओळखायचं? गावागावांत छोटी संकलन केंद्रं हवीत की एकच गोदाम बरं? वीज आणि वाहतुकीचा खर्च कमीत कमी ठेवायचा आहे. ज्यांनी हे काम जवळून पाहिलं आहे त्यांनी आकड्यांसह सांगावं.

थप्पी_हिशेब

भाऊ, एकूण आवक बघून गोदाम बांधायचं नाही. एका दिवशी जास्तीत जास्त किती माल आत पडून राहील, तो आकडा काढायचा. तुमची तिन्ही पिकं वेगवेगळ्या वेळी येतात: सोयाबीन ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तूर जानेवारी-फेब्रुवारीत, हरभरा मार्चच्या आसपास. एकाच छताखाली वर्षातून तीनदा माल फिरतो.

आधी सोयाबीन घ्या, खरा दाब तिचाच. ५ ऑक्टोबरपासून सात आठवड्यांची आवक अशी धरू: ६०, १५०, २१०, १९०, १४०, १००, ५० टन. बेरीज ९००. आता तिसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला चार बाराचाकी ट्रक, प्रत्येकी २५ टन, म्हणजे १०० टन बाहेर काढायचे असं खरेदीदाराशी आधीच ठरवा. मग आठवड्याच्या शेवटी आत शिल्लक राहते ६०, २१०, ३२०, ४१०, ४५०, ४५० आणि ४०० टन. पुढच्या चार आठवड्यांत ती शून्यावर येते, म्हणजे २० डिसेंबरच्या आसपास फरशी मोकळी. तूर त्यानंतर येते. ९०० टन सोयाबीनला जागा लागली ४५० टनांची.

पण काही सभासद माल लगेच विकणार नाहीत, भाव बघत थांबतील. त्यांचे १५० टन वेगळे धरा. एकूण ६००. एखाद्या आठवड्यात गाड्याच आल्या नाहीत (दिवाळीत ड्रायव्हर गावी जातात, हे दर वर्षीचं आहे) तर त्यात १०० टन वाढतात. म्हणजे ७०० टन सामावले पाहिजेत, पण तेवढे फक्त पंधरवड्यापुरते.

आता जागा. ५० किलोच्या कट्ट्यांची थप्पी दाबून लावली तर घनमीटरला साधारण ०.६५ टन सोयाबीन बसतं. आतून ३६ मीटर × १४ मीटरची फरशी घ्या. भिंतीपासून चारही बाजूंनी पाऊण मीटर मोकळं ठेवा, मधोमध लांबीभर अडीच मीटरचा रस्ता. दोन्ही बाजूंना ६ × ५ मीटरच्या पाच-पाच थप्प्या बसतात, दोन थप्प्यांमध्ये एक मीटर आणि शटरसमोर दीड मीटर सुटतो. थप्पी चार मीटर उंच नेली तर एकीत ७८ टन. दहा थप्प्यांचे ७८० टन.

मात्र दहाही थप्प्या भरायच्या नाहीत. एक जागा माल उलटापालटा करायला रिकामी, आणि एक ओल्या किंवा नाकारलेल्या मालाला. कामाच्या आठ थप्प्या म्हणजे ६२४ टन. त्यातल्या दोन सभासदांच्या थांबलेल्या मालाला, त्यांचे १५० टन नेमके बसतात. राहिलेल्या सहात ४६८ टन, तुमची गरज ४५० ची. गाड्या चुकल्या त्या पंधरवड्यात राखीव दोन जागा वापरा. हजार टनांची गरज मला यात कुठेच दिसत नाही. वाचलेला पैसा वाळवणीच्या ओट्यावर, वजनकाट्यावर आणि ग्रेडरवर (माल चाळून प्रतवारी करणारं यंत्र) घाला. या तिन्हींशिवाय गोदाम म्हणजे नुसत्या चार भिंती.

चार मीटर म्हणजे वीसएक थर. ज्यूटच्या बारदान्यात ते टिकतात, प्लास्टिकच्या विणलेल्या कट्ट्यांत नाही. प्लास्टिक एकमेकांवर घसरतं, तीन मीटरच्या वर जाऊ नका. प्रत्येक थरात कट्ट्यांची दिशा बदलायची, वीट बांधतात तसा सांधमोड करायचा. कोपऱ्यातले कट्टे तोंड आतल्या बाजूला करून ठेवा, शिवण उसवली तरी माल थप्पीतच राहतो. उंच थप्पीला हमालाच्या पाठीवर भार देऊ नका, बॅग स्टॅकर (कट्टे वर चढवणारं यंत्र) भाड्यानं तरी आणा.

बियाण्याचं सोयाबीन या हिशेबातून पूर्ण बाहेर ठेवा. त्याचं टरफल पातळ, वरचा भार पडला की उगवण जाते. पाच-सहा कट्ट्यांच्या वर थप्पी नको, आणि कट्टा वरून आपटायचा तर मुळीच नाही.

काळी_माती_स्थापत्य

पायाचं मी सांगतो. आपल्याकडे गोदामं सर्वात जास्त यातच फसतात.

काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. लोक गोदाम पावसाआधी उरकायचं म्हणून एप्रिल-मेमध्ये फरशी ओततात. तेव्हा खालची माती पूर्ण कोरडी असते. जूनमध्ये पाणी मुरलं की ती फुगून फरशी वर उचलते, मधोमध उंचवटा येतो आणि थप्पी कलते. भिंतीला दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेलेली दिसली की समजा, खालची माती हलली.

आधी तीन ठिकाणी दोन-अडीच मीटर खोल खड्डे घ्या आणि मातीची फुगवण तपासून घ्या. मुक्त फुगवण निर्देशांक (माती पाण्यात किती टक्के फुगते ते) ५० टक्क्यांच्या वर आला तर साधा पाया नकोच. खाली कमी खोलीवर मुरूम किंवा पक्का थर लागत असेल तर काळी माती पूर्ण काढून पाया त्या थरावर टेकवा, हे सर्वात स्वस्त. थर खोल असेल तर अंडररीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब: साडेतीन मीटर किंवा जास्त खोल आणि तळाशी फुगा, त्याचा व्यास दांड्याच्या अडीचपट. पाइलवरची प्लिंथ बीम (भिंतीखालची काँक्रीटची तुळई) जमिनीला टेकवायची नाही, खाली ७५-८० मिलिमीटर पोकळी ठेवायची. पोकळी भरून टाकली तर माती फुगून बीमच उचलते आणि पाइलचा उपयोग संपतो. काम करणारे गवंडी ती पोकळी हमखास बुजवतात, उभं राहून बघा.

फरशीसाठी काळी माती निदान मीटरभर काढा. तिथे चिकटपणा असलेला, पण न फुगणारा मुरूम १५० मिलिमीटरच्या थरांनी पाणी मारून, रोलर फिरवून दाबा. नुसता खडीसारखा मोकळा मुरूम चालत नाही, त्यातून पाणी खाली झिरपतं आणि काळ्या मातीला भिजवतं. मुरमावर दगडी सोलिंग, त्यावर १०० मिलिमीटर कोबा, मग २५० मायक्रॉनचं प्लास्टिक आणि वर १५० मिलिमीटर सळईचं काँक्रीट. प्लास्टिकचे जोड ३०० मिलिमीटर एकमेकांवर चढवा. जमिनीतला ओलावा तिथेच अडतो. फरशी भिंतीपासून तोडून ओता, मध्ये जोडपट्टी. चार मीटर थप्पीखाली चौरस मीटरला २.६ टन भार येतो, हे डिझाइन करणाऱ्याला आधीच सांगा.

जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा पाऊण मीटर तरी वर. गाडी लागते त्या बाजूला मात्र ओटा ट्रकच्या पाट्याच्या उंचीला, १.१ ते १.२ मीटर. कट्टा उचलून चढवण्याऐवजी सरळ आत ओढता येतो, यात हमालाचा बराच जोर वाचतो. गोदामाभोवती एक मीटर रुंद काँक्रीटची पट्टी, बाहेरच्या बाजूला उतार आणि पलीकडे गटार. जवळ कडुनिंब-पिंपळ लावू नका. झाड एका बाजूची माती सुकवतं आणि तीच बाजू खचते.

लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. म्हणजे लांब भिंती उत्तर-दक्षिणेला येतात आणि सकाळ-संध्याकाळचं आडवं ऊन फक्त आखूड भिंतीवर पडतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याखालचा वरचा थर किती तापत असेल त्याचा विचार करा. पत्र्याखाली इन्सुलेशन घ्या आणि थप्पीच्या माथ्यापासून छतापर्यंत निदान दीड मीटर हवा खेळू द्या.

काटा खड्ड्याचा नको. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचतं, लोड सेल (वजन मोजणारे सेन्सर) खराब होतात. जमिनीवरचा, १२ × ३ मीटरचा, ६० टनी काटा बाराचाकीला पुरतो. दर वर्षी वैधमापनशास्त्र विभागाकडून पडताळणी करून शिक्का घ्या.

दारव्हा_एफपीसी

थप्पी_हिशेब दादा, आठवड्याचा तक्ता आजच मांडून बघतो. डाळमिलचं मात्र राहिलं. तासाला एक टन घ्यायची का? आणि मालाच्या ओलाव्याचं कुणी सविस्तर सांगेल का? आमच्याकडे मीटर आहे, पण दोन मीटर दोन आकडे दाखवतात, आणि शेतकऱ्याशी वाद तिथूनच सुरू होतो.

ओलावा_बारा

दादा, मीटर आधी. उन्हातून आलेलं गरम दाणं लगेच मीटरमध्ये टाकलं की आकडा चुकतो. सोयाबीन, तूर, हरभरा यांची मीटरमधली सेटिंग वेगळी आहे, पीक बदललं की ती बदलायला लोक विसरतात. नमुना ट्रॉलीच्या वरच्या थरातून घेऊ नका. पाच जागी परखी (कट्ट्यात खुपसून नमुना काढायची नळी) मारा, त्यात मधल्या आणि तळच्या कट्ट्यांत तर नक्कीच. नमुना पसरून चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, पुन्हा चार करा. त्यातून तीनदा वाचन घ्या आणि सरासरी शेतकऱ्यासमोर वहीत लिहा. हंगामाच्या सुरुवातीला एकच नमुना प्रयोगशाळेतल्या ओव्हनवर तपासून मीटर त्याच्याशी ताडून बघा. दोन मीटरचं भांडण तिथे मिटतं.

आता आकडे. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं त्या हंगामापुरती ती १५ केली होती. खरेदी १५ वर होते म्हणून साठवण १५ वर होत नाही, एवढं पक्कं लक्षात ठेवा. सोयाबीन तेलाचे प्लांटवाले तर दोन-दोन-दहा म्हणतात: दोन टक्के काडीकचरा, दोन टक्के डागी, दहा टक्के ओलावा. त्यावरचा ओलावा वजनातून कापतात. तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवायचं सोयाबीन १० ते ११ वर आणा. तूर-हरभराही १० ते १२ च्या आत.

घट कशी मोजायची त्यात बऱ्याच कंपन्यांचा हिशेब चुकतो. १६ टक्के ओलं सोयाबीन १२ वर आणलं तर घट ४ टक्के नसते. कोरडा भाग तोच राहतो, म्हणून १०० किलोचे होतात ८४ भागिले ०.८८, म्हणजे ९५.४५ किलो. घट साडेचार टक्के. ९०० टनांवर अर्ध्या टक्क्याची चूक म्हणजे साडेचार टन. वर्षअखेरीला साठा जुळत नाही आणि संशय गोदामपालावर येतो. घटीचं सूत्र गोदामाच्या भिंतीवर रंगवून ठेवा.

वाळवायला ओटा लागतो. पाच सेंटिमीटर थर पसरला तर चौरस मीटरवर साधारण ३६ किलो सोयाबीन राहतं. एका वेळी १० टन वाळवायचे तर २८० चौरस मीटर, म्हणजे तीन हजार चौरस फूट. तासातासाला दंताळं फिरवा, नाहीतर वरचा थर कडकडीत आणि खालचा ओला राहतो. संध्याकाळी दव पडायच्या आत ताडपत्री. वाळलेला माल गरम असताना शिवू नका, रात्रभर थंड होऊ द्या. गरम कट्टे थप्पीत गेले की आतली वाफ वरच्या थंड कट्ट्यांवर जाऊन बसते आणि वरच्या दोन-तीन थरांना बुरशी धरते. माल कोरडा घेतला होता, मग वरचेच कट्टे का काळे पडले, असा प्रश्न दर डिसेंबरात येतो. कारण हेच.

थप्पीखाली लाकडी फळ्यांच्या जाळ्या. नुसत्या ताडपत्रीवर लावू नका, खालून हवा खेळत नाही. सोयाबीन तापायला लागलं तर आधी वास येतो, आंबूस-तेलकट. त्याच्याही आधी कळवून घ्यायचं तर पाच फुटांची लोखंडी सळई थप्पीच्या मधोमध खुपसून ठेवा, अर्ध्या तासानं काढून तळहातात धरा. बाहेरच्या कट्ट्यापेक्षा कोमट लागली तर ती थप्पी त्याच दिवशी मोडायची, उद्यावर टाकायची नाही. रिकामी जागा ठेवायला थप्पी_हिशेब दादांनी सांगितलं ते याचसाठी.

खिडक्या कधी उघडायच्या? बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड आणि कोरडी असेल तेव्हाच. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगल्या गार असतात. संध्याकाळनंतर उघडा, ऊन तापायच्या आत बंद करा. जून ते सप्टेंबर उलट, बंदच बरं. पावसाळी हवा आत घेतली की १० टक्क्यांचा माल बसल्याजागी ओलावा ओढतो.

कीड. तूर-हरभऱ्याला भुंगा शेतातूनच चिकटून येतो. मादी शेंगेवर अंडी घालते, अळी दाण्याच्या आत वाढते, उष्ण हवेत महिनाभरात पिढी पूर्ण होते. म्हणून आवकेच्या दिवशी माल स्वच्छ दिसतो आणि पाचव्या आठवड्यात दाण्याला गोल भोकं पडतात. तूर आली की तीन आठवड्यांच्या आत तिची धुरी (विषारी वायूनं कीड मारणं) झालीच पाहिजे. अॅल्युमिनियम फॉस्फाइडची धुरी फक्त परवानाधारक माणसाकडून करून घ्या, स्वतः करू नका, तो वायू माणूस मारतो. तुम्ही तपासायचं एवढंच: थप्पी गॅसरोधक कव्हरनं पूर्ण झाकली का, कडेला वाळूच्या पिशव्या एकमेकींवर चढवून ठेवल्या का, ३ ग्रॅमच्या गोळ्या टनाला तीन या मापानं घातल्या का आणि कव्हर पूर्ण सात दिवस राहिलं का. तिसऱ्या दिवशी गाडी आली म्हणून कव्हर काढलं की मोठे भुंगे मरतात, अंडी आणि कोष जगतात, आणि पुढची धुरी तितकी लागू पडत नाही. हा वायू तांबं खातो, म्हणून वायरिंगचे बोर्ड आणि काट्याचं इलेक्ट्रॉनिक्स गोदामाच्या आत नको.

रिकाम्या गोदामाला जूनमध्ये झाडून, फटी बुजवून, मॅलाथिऑन ५० ईसी एकास शंभर पाण्यात, १०० चौरस मीटरला तीन लिटर द्रावण, भिंती आणि फरशीवर फवारा. धान्यावर नाही. आणि पावसाळ्यात गोदाम रिकामं आहे म्हणून युरिया-कीटकनाशकं आत ठेवण्याचा मोह टाळा. वास बारदान्यात महिनोन्महिने राहतो, आणि सांडलेला युरिया फरशीला ओल धरून ठेवतो.

डाळ_आणि_भुसा

डाळमिलचं मी बोलतो. ३५० टन तूर, कामाचे १०० दिवस धरले तर दिवसाला साडेतीन टन. तासाला एक टनाचं यंत्र घेतलं तर ते निम्मा दिवस बंद उभं राहील. अर्ध्या टनाचं यंत्र आठ तास चालवलं तर दिवसाला चार टन होतात, भरपूर झालं. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मिनी डाळमिल छोट्या प्रमाणावर बऱ्याच गावांत चालते, तीही एकदा पाहून या.

अडचण यंत्रात नसते, ओट्यात असते. तुरीला घासून तेल लावलं, पाणी दिलं की तीन-चार दिवस उन्हात वाळावं लागतं. रोज साडेतीन टन म्हणजे चार दिवसांचे १४ टन एकाच वेळी ओट्यावर पसरलेले. चौरस मीटरला ४० किलो धरले तर ३५० चौरस मीटर लागतात. सोयाबीनसाठी जो २८० चा ओटा सांगितला तो ३५० चा करा, दोन्ही कामं त्यावर होतात, कारण ऑक्टोबरात सोयाबीन आणि फेब्रुवारीत तूर. गडबडीत अर्धवट वाळलेली तूर मिलमध्ये गेली की टरफल सुटत नाही, पुन्हा फिरवावी लागते आणि चुरी वाढते.

१०० किलो तुरीतून ७० ते ७५ किलो डाळ. बाकी चुरी, चुनी, भुसा. हा पाव भाग गावातच ढोरांच्या खाद्याला खपतो. तूर तशीच बाहेर पाठवली तर २५ टनांच्या १४ गाड्या, डाळ करून पाठवली तर १० गाड्या. चार गाड्यांचं भाडं आणि डिझेल वाचलं, चुनीही गावात राहिली. शिवाय भुंगा अख्ख्या दाण्यात वाढतो, भरडलेल्या डाळीत त्याचं फारसं चालत नाही. म्हणून जी तूर ठेवायची तिच्यातली जास्तीत जास्त पावसाळ्याआधी डाळ करून ठेवा.

वीज. मिलचं काम फेब्रुवारी ते मे, ऊन तेव्हाच सर्वात कडक. छतावर सौर पॅनल बसवायला याहून चांगला मेळ नाही. एका किलोवॅटला १० चौरस मीटर छत आणि दिवसाला सरासरी ४ युनिट धरा. २० किलोवॅटला २०० चौरस मीटर लागतील, दक्षिणेकडचा उतार पुरतो. पत्र्याचा सांगाडा तेवढं वजन धरून आधीच डिझाइन करून घ्या, नंतर जोड देणं महाग पडतं. मे महिन्यात पॅनलवर धूळ बसते, आठवड्याला पहाटे धुवा, दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी नको. त्याच छताचं पाणी टाकीत घ्या: ६०० चौरस मीटर छत, ९०० मिलिमीटर पाऊस आणि वीस टक्के वाया धरलं तरी चार लाख लिटरच्या वर येतं. उरलेलं पाणी मात्र गोदामाच्या पायाजवळ मुरवू नका, शोषखड्डा लांब, उताराच्या बाजूला.

वाराई_वाचवा

गावागावांत संकलन केंद्रं करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. दहा-बारा किलोमीटरच्या आतलं गाव ट्रॅक्टर-ट्रॉलीनं थेट येतं. मध्ये केंद्र आलं की तोच कट्टा एकदा उतरतो, एकदा चढतो, दोनदा वाराई (चढ-उताराची हमाली), दोनदा सांडलवंड. केंद्र करायचंच तर पंधरा किलोमीटरच्या पलीकडच्या दोन-तीन गावांना, आणि तिथेही नुसता ओटा, मीटर आणि चाळणी. ओला माल तिथूनच परत जातो, इथपर्यंत येऊन वाद होत नाही. शेतकऱ्याचं भाडंही वाचतं.

थप्पी_हिशेब दादांच्या गणितात एक भर घालतो. दर आठवड्याला जे १०० टन बाहेर जाणार आहेत, ते गोदामात शिरूच देऊ नका. ट्रॉली, नमुना, ग्रेडर, काटा आणि सरळ ट्रक. जो माल मीटरवर दहा-अकराचा आला, तोच त्या दिवशीच्या गाडीत. आवकेच्या काळातले असे ५०० टन म्हणजे दहा हजार कट्टे, तेवढ्यांची थप्पी लावणं आणि मोडणं वाचलं. यासाठी शेतकऱ्याला दिवस आणि वेळ आधी फोनवर द्यावा लागतो: आज या दोन गावांचा नंबर, प्रत्येकी इतक्या ट्रॉल्या. नंबर न देता सगळ्यांना या म्हटलं की सकाळी अकराला चाळीस ट्रॉल्या दारात आणि दुपारी तीनला शुकशुकाट. ग्रेडर तासाला दोन टनांचा असेल तर दहा तासांत वीस टन. तिसऱ्या आठवड्याची २१० टन आवक म्हणजे सहा दिवसांत रोज ३५ टन. तिथे चार टनांचाच ग्रेडर लागेल. मालाची गर्दी तुंबते ती चाळणीवर, गोदामात नाही.

डिझेल. पिकअपमध्ये दीड टन, लिटरला साधारण १२ किलोमीटर, म्हणजे एका लिटरमध्ये एक टन माल १८ किलोमीटर जातो. बाराचाकीत २५ टन, लिटरला साडेतीन, म्हणजे जवळजवळ ८७ किलोमीटर. दोन्ही परत रिकामे आले की हे आकडे निम्म्याच्या आसपास येतात. म्हणून परतीचा माल शोधा. जाताना सोयाबीन, येताना ढेप, खत, बारदाना, सिमेंट, जे मिळेल ते. आठवड्याच्या चारपैकी दोन गाड्यांना जरी परतभाडं मिळालं तरी दराची बोलणी बदलते. २०१८ मध्ये गाडीच्या एक्सलवरच्या भाराची कायदेशीर मर्यादा वाढली, तेव्हापासून दहाचाकीचं एकूण वजन २८.५ टनांपर्यंत चालतं. त्याच्या वर भरू नका. दंड तर आहेच, वर तालुक्याच्या रस्त्यांची वाट लागते, आणि त्याच रस्त्यावरून उद्या तुमच्या ट्रॉल्या यायच्या असतात.

समृद्धी महामार्गाचं विचारलं नाही तरी सांगतो. ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा उघडल्यावर ७०१ किलोमीटर पूर्ण झाला. मुंबईकडच्या डाळीसाठी कारंजा लाडचा इंटरचेंज (महामार्गावर चढायची-उतरायची जागा) तुम्हाला सोयीचा. अकोल्याला जाणाऱ्या मालाला त्याचा उपयोग नाही. ट्रॅक्टरला तिथे प्रवेशच नाही, तेव्हा इंटरचेंजजवळ जागा घेऊ असा विचार कुणाच्या मनात असेल तर सोडा. गोदाम शेताजवळच हवं.

तारण_पावती

थांबलेल्या १५० टनांबद्दल दोन गोष्टी. भाव बघत थांबणं फुकट नसतं. क्विंटलला ४५०० धरा, वर्षाला १० टक्के व्याज म्हणजे महिन्याला ३७ रुपये ५० पैसे. चार महिन्यांचे १५०. ओलावा १२ वरून १० वर गेला की १०० चे ९७.७८ किलो होतात, ते १०० रुपये. वर धुरी, भाडं, वाराई. म्हणजे चार महिन्यांनी भाव ४७५० च्या बराच वर गेला तरच थांबण्यात अर्थ. हा हिशेब सभासदाला माल ठेवतानाच कागदावर लिहून द्या.

गरज पैशाची असेल तर गोदामाची नोंदणी वखार विकास व नियामक प्राधिकरणाकडे करून घ्या, २००७ च्या कायद्याखाली. मग इलेक्ट्रॉनिक वखार पावती देता येते, तिच्यावर बँक तारण कर्ज देते आणि शेतकऱ्याला दिवाळीत पडत्या भावात विकावं लागत नाही. नोंदणीला विमा, काटा, अग्निशमन, प्रशिक्षित माणूस, नोंदवह्या हे सगळं लागतं, म्हणून नकाशा काढतानाच ते धरा. बांधकामाच्या कर्जाला कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटींपर्यंत ३ टक्के व्याजसवलत, जास्तीत जास्त सात वर्षं. बँकेत जाताना आठवड्याचा आवक-जावक तक्ता सोबत न्या, नुसतं १००० टन लिहिलेलं कोटेशन नेऊ नका.

दारव्हा_एफपीसी

सगळ्यांचे मनापासून आभार. ३६ × १४, ओटा ३५० चौरस मीटर, ग्रेडर चार टनांचा, मिल अर्ध्या टनाची, असा नवा मसुदा मंडळापुढे ठेवतो. खड्डे पुढच्या आठवड्यात घेतो. शेवटचं एकच: ओल्या मालाची राखीव थप्पी कुठे ठेवायची, आत की बाहेर शेडमध्ये?

ओलावा_बारा

बाहेर, दादा. ओट्याला लागून तीन बाजूंनी उघडी शेड करा आणि ओला माल तिथेच सहा-सात थरांच्या वर न रचता ठेवा. आतली दहावी जागा नाकारलेल्या कोरड्या मालाला राहू द्या. ओल्या कट्ट्यांच्या तोंडाला लाल सुतळी बांधा, हमालाच्या हाताला नाही पण डोळ्याला तरी कळेल. थप्पीच्या कार्डावर लॉट नंबर, तारीख, कट्टे, वजन आणि ओलावा लिहाच, पण सोबत गावाचं नावही लिहा. पाचव्या आठवड्यात भुंगा निघाला की त्याच गावाचा बाकी माल कोणत्या थप्पीत आहे, ते पाच मिनिटांत सापडलं पाहिजे.